शेवटचे धड कधी होते?

मा. संपादक,

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत लकव्यावर पानभर मजकूर आला होता, कुठलंसं तेल, एकवीस दिवसांची मालिश आणि "मेंदूच्या नसा पुन्हा जिवंत". आमच्या वाडीत ते पान तीन घरं फिरलं. खाली कोपऱ्यात 'जाहिरात' असं लिहिलंय म्हणे, पण ते वाचायला भिंग लागतं, मलासुद्धा भाचीनं बोट ठेवून दाखवलं तेव्हा दिसलं. म्हणून हे पत्र. लांबेल जरा, कापलंत तरी चालेल पण हिमाचलचा भाग तेवढा कापू नका.

आमच्या आप्पांच्या अंगावरून वारं गेलं त्याला दोन वर्षं होतील. मे महिना, पहाटेपासून पडवीत आंब्याच्या पेट्या भरायचं काम चाललेलं, आप्पा पेंढा अंथरून आंबे मोजत होते आणि चार, पाच, सहा, सहा, सहा असं करत राहिले. आम्हाला वाटलं झोप झाली नसेल. मग चहा दिला तर तो उजव्या ओठाच्या कोपऱ्यातून शर्टावर. शेजारच्या काकी धावत आल्या, "वारो गेलो हा, तेल चोळा, कोणीतरी कबुतर हाडा!" आणि आणलं हो कबुतर, त्याचं रक्त गरम असतानाच हातापायाला चोळलं, मीच चोळलं, मी बीकॉम झालेला माणूस. गाडी निघाली तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले. तालुक्याच्या गावी बीपी बघून पुढे पाठवलं, पुढे स्कॅन होईपर्यंत दुपारचे दोन.

तिथल्या डॉक्टरांनी कागद न बघता पहिला प्रश्न केला, "शेवटचे धड कधी होते?", म्हणजे ठणठणीत असे शेवटचे कधी पाहिलेत. आई म्हणाली सहाला, भाऊ म्हणाला सातला, मला ती "सहा, सहा, सहा" आठवली पण तेव्हा घड्याळ कोण बघतो. डॉक्टर म्हणाले आता त्याचा उपयोग नाही, वेळ गेली.

कसली वेळ ते मला नंतर कळलं. भाची फिजिओथेरपी शिकते, तिनं बसवून समजावलं. मेंदूत गुठळी अडकली तर ती विरघळवायचं इंजेक्शन आहे, अमेरिकेत ६२४ पेशंटवर तपासून १९९५ साली छापून आलं, तेव्हा मुदत तीन तासांची होती, २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीनं ती साडेचार तासांवर नेली. पण आधी स्कॅन पाहिजेच, कारण गुठळी नसून रक्तस्राव असला तर तेच इंजेक्शन जीव घेईल. मोठी गुठळी तार घालूनही काढतात, काही निवडक पेशंटना चोवीस तासांपर्यंत, पण त्याची सोय मोठ्या शहरात. आणि उपचार मिळेपर्यंत मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. आम्ही तीन तास तेल चोळत होतो, तुम्हीच करा गुणाकार.

पुढचं ऐका. त्यानंतर दहा दिवस आप्पांना "मेंदूच्या ताकदीचं" इंजेक्शन चाललं, सिटिकोलिन, अर्ध्या सीझनचे पैसे त्यात गेले. ह्या औषधाची स्पेन, पोर्तुगाल आणि जर्मनीत मिळून २२९८ पेशंटवर चाचणी झालेली, २०१२ मध्ये रिझल्ट छापून आला, औषध दिलेले आणि न दिलेले सारखेच, म्हणून चाचणी मध्येच थांबवली. मग मुंबईच्या चाकरमानी भावाला कोणीतरी स्टेम सेलवाला, म्हणजे मूळपेशी टोचून बरं करतो म्हणणारा, भेटला, आकडा लाखांत, काका आंब्याची कलमं गहाण ठेवायला तयार. तेव्हा भाचीनं २०१४ चा पेपर काढला, आपल्याच देशातल्या पाच सेंटरमध्ये १२० पेशंट, शिरेतून स्टेम सेल दिले, फायदा शून्य. कलमं वाचली.

आणि जे मला स्वतःला पटायला जड गेलं तेही सांगतो. आईनं आणि मी वर्षभर आप्पांचा व्यायाम घेतला, मला वाटायचं आमच्यामुळेच ते चालायला लागले. तर नेमकं हेच तपासायला भारतात १४ हॉस्पिटलांत १२५० पेशंट घेतले, निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून घरी पाठवलं आणि बाकीच्यांना नेहमीसारखं. २०१७ चा रिझल्ट, सहा महिन्यांनी दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एकतर गेलेले नाहीतर दुसऱ्याच्या आधारावर. म्हणजे व्यायाम फुकट असं नाही, भाची म्हणते घरच्यांना शिकवल्यानं जास्तीचं काही मिळालं नाही एवढाच त्याचा अर्थ. तरी दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही.

खरी कामाची निघाली ती बीपीची गोळी, जी आप्पा "आता बरं वाटतंय" म्हणून सोडून बसले होते. ६१०५ पेशंटवर २००१ मध्ये दाखवलंय की एकदा लकव्याचा झटका आलेल्यांचा बीपी औषधांनी उतरवला तर पुढचे झटके २८ टक्क्यांनी कमी. ह्याची जाहिरात कोण देणार, स्वस्त आहे ना!

आता हिमाचल. तिथेही डोंगर, घाट, लांबची गावं, न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूचे डॉक्टर, दोन-तीन शहरांत. २०१४ पासून तिथल्या सरकारनं ज्या सरकारी हॉस्पिटलात सीटी स्कॅन आहे तिथल्या साध्या फिजिशियनना शिकवलं, पेशंट आला की स्कॅनचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मोठ्या हॉस्पिटलातल्या न्यूरॉलॉजिस्टला, तो फोनवर सांगणार द्या की नको, आणि औषध फुकट. आमच्याकडे मोबाईल नाहीत का? रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्हीकडे आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, तरी आमचे लोक अजून गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलचा रस्ता धरतात आणि साडेचार तासांतले तीन-साडेतीन तास गाडीतच जातात.

तर तुमच्याकडे मागणं असं की पुढच्या रविवारी त्या तेलाच्या जागी एक चौकट छापा, दोन्ही जिल्ह्यांत रात्री दोन वाजता सीटी स्कॅन कुठे चालू असतो आणि गुठळीचं इंजेक्शन कुठे ठेवलेलं असतं, फोन नंबरसकट. तुमचे बातमीदार तालुक्या-तालुक्यात आहेत, दोन दिवसांचं काम आहे. मी ती कापून पडवीत पेट्यांच्या वर चिकटवणार आहे. काकींनाही एक द्यायची आहे, कारण परवा त्यांच्या दिरांचं तोंड जरा वाकडं दिसलं तर त्यांनी मला हाक मारायच्या आधी पुन्हा कबुतरच शोधलं.

– एक वाचक, देवगड तालुका