अण्णांना सांग

भांडुप, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन ठेवला आणि मग झोप लागेना. पडवीत उभा राहून, अण्णांच्या कानावर जाऊ नये म्हणून तू दबक्या आवाजात बोलत होतास, ते इकडे मला कळत होतं. तेव्हा जे नीट बोलता आलं नाही ते आता लिहून पाठवते. लांबेल, पण सावकाश वाच. वाचून झालं की ताईलाही दे.

घरात ठरलंय म्हणालास. मूळव्याध बळावलीय, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवू, एवढंच अण्णांना सांगायचं. कॅन्सरचं नाव काढायचं नाही. मामा म्हणतात, म्हातारा माणूस, हाय खाईल. मामांची माया मला दिसते. आमच्याकडे आईच्या वेळी आत्यानंही अगदी हेच म्हटलं होतं. पण तू मला विचारलंस म्हणून सांगते, अण्णांना सांग. गाडीत बसायच्या आधी सांग, आणि तू स्वतः सांग.

पहिली गोष्ट म्हणजे तू कोणाला फसवायला निघालायस याचा विचार कर. अण्णा १९८२ च्या संपापर्यंत परळच्या गिरणीत होते. लालबागला गावकीच्या खोलीत राहिले, तिन्ही पाळ्या केल्या, परळ नाक्यापासून भोईवाड्यापर्यंत सगळा भाग पायी तुडवला. टाटा हॉस्पिटल १९४१ पासून तिथं उभं आहे. गिरणगावात राहिलेल्या माणसाला टाटात काय असतं हे सांगावं लागत नाही. टॅक्सी त्या फाटकाशी थांबली की अण्णांना सगळं कळेल. आणि हेही कळेल, की बायको, मुलगा, मुलगी, मेहुणा, सगळे ठरवून आपल्याशी खोटं बोलत होते. त्यानंतर तू 'काळजी करू नका' म्हणालास तर त्यांनी ते कशाच्या जोरावर खरं मानायचं?

दुसरं, त्यांच्या दुखण्याचं. गाठ गुदाशयात आहे म्हणालास. रक्त पडलं की मूळव्याधच असणार असं समजून बरेच जण महिनोन् महिने काढतात, तसंच झालं. अशा गाठीला पुष्कळदा आधी रेडिएशन आणि केमो देतात, मग ऑपरेशन. रेडिएशन कधी आठवडाभराचं असतं, कधी पाच-साडेपाच आठवडे चालतं, सोमवार ते शुक्रवार रोज. ऑपरेशनात काही जणांना पोटावर शौचाची पिशवी लावावी लागते. काहींना थोड्या महिन्यांपुरती, काहींना कायमची. आता सांग, मूळव्याध समजून टेबलावर गेलेला माणूस शुद्धीवर येऊन पोटाला हात लावेल तेव्हा काय होईल? ही पिशवी लावायची की नाही, दुसरा काही मार्ग आहे का, हे डॉक्टरांना विचारायचा पहिला हक्क अण्णांचा आहे. संमतीच्या कागदावर सही त्यांची लागते. पिशवी कशी बदलायची, कातडी कशी जपायची हे शिकवणाऱ्या नर्सबाई असतात, आणि पिशवी लावून शेतावर जाणारी, प्रवास करणारी माणसंही असतात. पण हे शिकायला माणूस मनानं तयार लागतो, आणि तयार व्हायला त्याला वेळ मिळायला हवा.

आता आईचं सांगते. हे मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही.

तिला छातीचा कॅन्सर होता हे तुला माहीतच आहे. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत आमच्याकडे न बघता तिला विचारलं, 'आजी, सगळं तुम्हालाच सांगू ना?' ती म्हणाली, 'मलाच सांगा, दुखणं माझं आहे.' केमोत तिला ते लाल औषध होतं. लघवी दोन दिवस लालसर होईल, घाबरू नका, आणि दोन-तीन आठवड्यांत केस जातील, हे तिला आधी सांगितलेलं होतं. तसेच गेले. सकाळी उशीवर पुंजके, कंगव्यात पुंजके, भातात केस. तिचा शेपटा तुला आठवत असेल, शाळेच्या स्नेहसंमेलनाला तुम्ही पोरं चिडवायचात. एका संध्याकाळी ती म्हणाली, हे रोज रोज बघण्यापेक्षा एकदाच काढून टाक.

आत्या तेव्हा घरातच होती. ती एकदम म्हणाली, 'अगं, सवाष्ण बाई तू, डोकं काय भादरतेस!' तुला वाटेल काय हे जुनाट. पण आईच्या लहानपणी त्यांच्या घरात एक सोवळी आजी होती, केशवपन झालेली विधवा, लाल आलवणातली. आईनं ती पाहिलेली. त्यामुळे आत्याच्या बोलण्यानं तिचा चेहरा खरंच उतरला. बाबा काही बोलले नाहीत. उठले, आतून त्यांचं दाढीचं मशीन आणलं आणि माझ्या हातात दिलं. गॅलरीत स्टूल टाकून, खांद्यावर जुनं लुगडं टाकून मी तिचे केस काढले. मान किती बारीक झाली होती तिची. कानामागचे केस काढताना माझा हात थांबायला लागला, तर म्हणाली, 'थांबू नको, सगळे काढ.' मग आत गेली, तोंड धुतलं, आरशासमोर उभी राहून रोजच्यापेक्षा मोठं कुंकू लावलं आणि आत्याला म्हणाली, 'वन्सं, चहा टाका.'

मित्रा, आम्ही तिला 'शक्तीची सलाईन आहे' असं सांगून ठेवलं असतं तर ती त्या आरशासमोर कशी उभी राहिली असती? काय होतंय हे ठाऊक होतं म्हणून काय करायचं ते तिला ठरवता आलं.

आणि त्यामुळेच ती एकदा वाचली, हे मी अगदी विचार करून लिहितेय. केमोनं रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. साधारण दुसऱ्या आठवड्यात त्या सर्वांत खाली असतात, आणि त्या दिवसांत ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नसते. १००.४ फॅरनहाइट झाला की निघायचं. हे आईला पाठ होतं, थर्मामीटर तिच्या उशाशी असायचा. एका रात्री तिनंच मला हलवून उठवलं. 'शंभराच्या वर गेलाय गं, फाईल घे.' थंडी वाजत होती तिला, पण पायात चपला घालून तयार बसली होती. पेशी पार खाली गेल्या होत्या, लगेच शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. आपल्याकडची वडीलधारी माणसं पोरांची झोपमोड नको म्हणून ताप अंगावर काढतात. अण्णा तर नक्की काढतील. आपल्याला काय औषध चाललंय हे माहीत नसेल, तर ताप लपवू नये हे त्यांना कशावरून कळावं?

सांगायचं कसं, हे तू विचारलंस. मी फार शहाणी नाही, पण जे जमलं ते लिहिते. रात्री जेवणं झाली की पडवीत दोघंच बसा. मामा नकोत, काकूही नकोत. आधी त्यांनाच विचार, 'अण्णा, तुम्हाला काय वाटतंय, काय झालं असेल?' त्यांच्या मनात काय आहे ते आधी ऐक. मग सरळ सांग, की आत गाठ आहे, तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला, त्यावर उपचार आहेत आणि त्यासाठी टाटाला जायचंय. एवढं बोलून गप्प बस. ते गप्प राहिले तरी तू बोलत सुटू नकोस. 'मी यातून उठेन का' असं विचारलं तर खोटी हमी देऊ नकोस. एमआरआय, सीटी व्हायचंय, कितपत पसरलंय ते त्यानंतर कळेल, तेव्हा डॉक्टरांना आपण दोघं मिळून विचारू, असं सांग. आणि 'तूच बघ काय ते, मला काही सांगू नकोस' असं म्हणाले, तर तेही मान. काही माणसांना खरंच नको असतं. पण ते त्यांनी ठरवू दे, मामांनी नको.

रडलात तर रडा दोघंही.

एकदा त्यांना माहीत झालं, की बाकीची कामं निम्म्यानं हलकी होतील बघ. तुमच्याकडे आता जो तो एकेक औषध घेऊन येईल. आमच्या नात्यातल्या एकांनी कुठलीशी पुडी आणली, कोणी बरा झाला म्हणे त्यानं. आईनं ती पुडी स्वतः डॉक्टरांसमोर ठेवली आणि विचारलं, घेऊ का? डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, यात काय आहे हे कोणालाच ठाऊक नाही, केमोबरोबर लिव्हरवर ताण येईल. तिथं तो विषय मिटला. मी नको म्हटलं असतं तर नात्यात वाईटपणा आला असता.

खाण्याचं टेन्शन घेऊ नकोस. पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन दिलं की जुलाब होतात बऱ्याच जणांना. तेव्हा कच्च्या कोशिंबिरी, पालेभाज्यांचा मारा नको. आपली उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि जरासं तूप घालून, यासारखं दुसरं काही नाही. काकूंना सांग, पेज करायला मुंबईला त्याच हव्यात. काकूंना हाताला काम लागतं, नाहीतर त्या झुरतील. ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध दिलं, तर त्यानंतर काही दिवस गार पाणी घशाला सुया टोचल्यासारखं लागतं, फ्रीजला हात लावला तरी बोटांना झिणझिण्या येतात. अण्णांना माठातलं पाणी आवडतं, म्हणून मुद्दाम लिहिलं. तेव्हा कोमटच.

आता निघायच्या तयारीचं. तालुक्याला बायोप्सी झाली तिथून नुसता रिपोर्ट आणू नकोस. तपासलेल्या काचा आणि मेणाचे ठोकळे, स्लाइड आणि ब्लॉक म्हणतात ते, मागून घे. टाटात ते पुन्हा तपासतात. रेशनकार्ड आणि आधार, दोन्ही मूळ प्रती आण. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करना उपचार सुरू व्हायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. तिथं देशभरातून माणसं येतात, गर्दी असणारच. डबा, पाण्याची बाटली आणि अण्णांना टेकायला एक उशी घेऊन बसायचं. नंतरच्या खेपांना हॉस्पिटलचा दाखला दाखवला की रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला कॅन्सरच्या पेशंटचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला पाऊण सवलत मिळते. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं. आई भांडुप ते परळ तशीच जायची.

राहायचं म्हणशील तर आमच्याकडे. संकोच करू नकोस, आईची खोली रिकामीच आहे, ती आता पुण्याला भावाकडे असते, तपासणीपुरती येते. पण रोजच्या रेडिएशनला इथून परळ गाठणं अण्णांना झेपलं नाही, तर दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे आणि परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. दोन्हीकडे पेशंट आणि सोबतच्यांची सोय होते. जागेचा भरवसा नसतो, म्हणून नाव आधीच घालून ठेवायला हवं. मी या आठवड्यात जाऊन चौकशी करते.

आणि तू एकट्यानं सगळं ओढू नकोस. ताईला वाटून दे, तिला कामातून वगळू नकोस. फाईल आणि औषधांची वही एकाकडे, पैशांचं एकाकडे, फोनवर नातेवाइकांना उत्तरं द्यायचं काम मामांना दे. ते त्यात पटाईत आहेत आणि त्यांना बाहेर ठेवलं असंही वाटणार नाही.

अण्णांना माझ्याकडून सांग, की परळ आता ओळखू येणार नाही इतकं बदललंय. गिरण्यांच्या जागी टॉवर आलेत. त्यांची गिरणी नेमकी कुठं होती ते मला त्यांच्याकडून बघायचंय. बरं वाटेल त्या दिवशी टॅक्सी करू आणि लालबागपर्यंत जाऊन येऊ.

तुतारी एक्स्प्रेसनं आलात तर मी सकाळी दादरला फलाटावर असेन. तिकिटं काढलीस की डबा नंबर कळव. आणि अण्णांशी बोलणं झालं की रात्री कितीही वाजले तरी फोन कर, मी जागी आहे.

काकूंना नमस्कार. अण्णांना साष्टांग.

तुझी मैत्रीण