नोटीस म्हणजे पूर्वसूचना नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मृग लागला की आमच्या पोलादपूर तालुक्यातल्या डोंगरवाड्यांवर एक कागद येतो : ‘आपले घर दरडप्रवण क्षेत्रात असल्याने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे.’ सही घेतात आणि जातात. कधी निघायचं, कुठं जायचं, गुरं कुठं बांधायची, यातलं कागदावर काही नसतं. चार महिने लागू असलेल्या सूचनेवर माणूस किती रात्री जागेल?

दरड अगदीच न सांगता येत नाही. उतारावरची माती आणि मुरूम दोन-तीन दिवस पाणी पितात, खालच्या कातळात ते मुरत नाही, आत दाब वाढतो आणि मातीची पकड सुटते. म्हणून आजच्या पावसाइतकाच कालचा-परवाचाही मोजावा लागतो. इर्शाळवाडीच्या परिसरात १७ ते १९ जुलै २०२३ या तीन दिवसांत ४९९ मिमी पाऊस झाल्याचं सरकारनं सांगितलं, पण डोंगर खाली आल्यावर. ती वाडी धोकादायक गावांच्या यादीतही नव्हती.

महसूल मंडळाचं हवामान केंद्र बहुधा खालच्या सपाटीला, आणि त्याच्या आकड्यांचा खरा वापर पीकविम्याला. घाटात पायथ्याचा पाऊस वेगळा, माथ्याचा वेगळा. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरी २४ तासांत ६०० मिमीच्या आसपास कोसळला. त्याच दिवशी तळिये गेलं, आमच्याकडचं केवनाळे आणि साखर सुतारवाडीही.

वायनाडमध्ये ह्यूम सेंटर ही संस्था गावोगावच्या लोकांकडून रोजचा पाऊस मोजून घेते. ३० जुलै २०२४ ला तिथं दरड कोसळली, त्याच्या आदल्या दिवशी तिनं प्रशासनाला सावध केलं होतं. तरी माणसं गेली, कारण मोजणारा एक आणि हलवण्याचा हुकूम देणारा दुसरा.

म्हणून वाडीवरच साधा पर्जन्यमापक द्या. किती पावसाला निघायचं तो आकडा भूवैज्ञानिकांनी ठरवून शाळेच्या भिंतीवर रंगवावा, आणि तो गाठला की वरच्या फोनची वाट न बघता भोंगा वाजवून लोकांना हलवायचा अधिकार पोलीस पाटलांना असावा. (फोन म्हणाल तर २०२१ च्या त्या दिवसांत इथं ना वीज होती ना रेंज.)

त्या रात्री आमची वाडी आपणहून शाळेकडे निघाली. किल्ली मुख्याध्यापकांकडे, म्हणजे माझ्याकडे, आणि मी पोलादपुरात अडकलेलो. लोकांनी दगडानं कुलूप तोडलं. पुढं त्या कुलपाचा खुलासा मला लेखी द्यावा लागला.

— एक निवृत्त मुख्याध्यापक, ता. पोलादपूर, जि. रायगड