शिक्षा कार्यालयाला, मोकळीक बॅटरना

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ह्यूस्टन ॲस्ट्रोज हा बेसबॉल संघ परगावी खेळायला गेला की तिथले प्रेक्षक आजही त्याची हुर्यो उडवतात. खुणा चोरल्याचं प्रकरण जुनं झालं, आता पुरे करा, असं आमच्या ह्यूस्टनमध्ये बरेच जण म्हणतात. इथली मराठी मंडळीही त्यात आली. मी याच संघाची चाहती आहे, तरी मला हे पटत नाही.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगते. कोणता चेंडू टाकायचा हे तेव्हा कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) बोटांच्या खुणांनी पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) सुचवायचा. दुसऱ्या बेसवरच्या (धावेच्या वाटेतल्या थांब्यावरच्या) धावकाने त्या खुणा नुसत्या डोळ्यांनी टिपल्या तर ती हुशारी, नियमात बसणारी. कॅमेरा आला की ती चोरी. २०१७ मध्ये ॲस्ट्रोजने घरच्या मैदानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र डगआउटजवळच्या पडद्यावर घेतलं, खुणा उलगडल्या आणि कचऱ्याच्या डब्यावर दणके घालून त्या बॅटरला कळवल्या. दणका आला तर वळणारा किंवा संथ चेंडू, नाही आला तर वेगवान. आपल्यावर कोणता चेंडू येतोय हे आधीच कळणं म्हणजे काय, हे क्रिकेट खेळलेल्या कुणाला समजावून सांगायला नको. त्याच वर्षी लॉस एंजेलिस डॉजर्सना सात सामन्यांत हरवून ॲस्ट्रोजने पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली.

पूर्वी या संघात असलेला पिचर माइक फायर्स नोव्हेंबर २०१९ मध्ये नाव न लपवता याबद्दल उघड बोलला. जानेवारी २०२० मध्ये लीगचे प्रमुख, कमिशनर रॉब मॅनफ्रेड यांनी निकाल दिला: ५० लाख डॉलर दंड, दोन वर्षांच्या ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतल्या) पहिल्या दोन फेऱ्यांच्या निवडी रद्द, जनरल मॅनेजर जेफ लुनाउ आणि मॅनेजर (म्हणजे मुख्य प्रशिक्षक) ए. जे. हिंच एक वर्षासाठी निलंबित. मालकाने दोघांनाही त्याच दिवशी काढून टाकलं. खेळाडूंना मात्र खरं सांगण्याच्या बदल्यात अभय मिळालं. दणके ऐकून फटके मारणाऱ्या एकाही बॅटरला एका सामन्याचीसुद्धा बंदी नाही!

लोकांचा राग इथे आहे. २०१८ मध्ये चेंडू घासण्याच्या प्रकरणात स्टीव्ह स्मिथ आणि डेव्हिड वॉर्नर यांना वर्षभर घरी बसवलं गेलं, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. तिथे मैदानावरच्या माणसाला शिक्षा झाली. इथे ती झाली नाही, म्हणून प्रेक्षकांनी ती द्यायला घेतली. २०२० मध्ये महामारीमुळे स्टेडियम रिकामी होती; २०२१ मध्ये दारं उघडल्यावर लोक हवा भरलेले कचऱ्याचे डबे घेऊन आले, काहींनी ते मैदानातही फेकले. वस्तू फेकणं चूकच. पण ओरडण्याचा हक्क त्यांना आहे. अभय द्यायला नको होतं, असं तर मॅनफ्रेड स्वतःच पुढे २०२३ मध्ये म्हणाले.

फेब्रुवारी २०२० मधल्या पत्रकार परिषदेने आगीत तेलच ओतलं. याचा खेळावर परिणाम झाला नाही असं आमचं मत आहे, असं मालक जिम क्रेन म्हणाले आणि जरा वेळाने आपण तसं म्हटलंच नाही, असंही म्हणाले. मनापासून माफी तेव्हाच मागितली असती तर निम्मा राग तिथेच शमला असता, असं मला आजही वाटतं.

‘सगळेच करत होते’ म्हणणाऱ्या ह्यूस्टनकरांना मी आपल्याच संघाच्या एका चाहत्याची आठवण करून देईन. त्याने २०१७ च्या घरच्या सामन्यांची चित्रफीत चेंडूगणिक तपासली. आठ हजारांहून जास्त चेंडूंमध्ये त्याला अकराशेहून जास्त दणके सापडले, आणि आपल्याच संघाविरुद्धचा हा हिशेब त्याने जगासमोर मांडला. संघावरचं प्रेम असं असावं. त्या मोजणीत तेव्हापासून संघात असलेल्या होजे आल्टुवेच्या वाट्याला फार थोडे दणके आहेत, आणि आज सर्वांत जास्त हुर्यो त्याचीच उडते. जेरेमी पेन्या तर २०२२ मध्ये संघात आला, त्याला २०१७ चा जाब कसला विचारता? ओरडायचंच तर माणूस पाहून ओरडा. आणि फायर्सला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हाच्या संघातल्या जोश रेडिकच्या लहान मुलांपर्यंत त्या पोचल्या, त्याला चाहत्यांचा राग म्हणणं मला मान्य नाही.

२०१७ चं विजेतेपद डॉजर्सना द्या, असा ठराव लॉस एंजेलिसच्या नगर परिषदेने केला होता. तोही मला पटला नाही. न जिंकलेली ट्रॉफी त्यांनी का घ्यावी? विजेत्यांच्या यादीत २०१७ समोरची जागा कोरी ठेवायला हवी होती. २०२२ मध्ये मॅनेजर डस्टी बेकर यांच्या हाताखाली संघ पुन्हा जिंकला. त्या विजयाचा अभिमान मी उघडपणे मिरवते, पण त्याने २०१७ धुऊन निघालं असं कुणी म्हणालं तर मी मान डोलावणार नाही.

आपली,
ॲस्ट्रोजची एक चाहती, ह्यूस्टन