सेनिओच्या बांधावरून

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उशीर झाला तो तुझ्या एका प्रश्नामुळे. बर्लिन पडणारच होतं, मग इटलीत अगदी शेवटच्या महिन्यात पुन्हा चढाई करून माणसं का मारली, असं तू विचारलंस. उत्तर सापडायला वेळ लागला, आणि सापडलं तेही मला निम्मंच पटतं. तरी लिहितो.

सेनिओ ही उत्तर इटलीतली काही मोठी नदी नाही. पण पूर अडवायला तिच्या दोन्ही काठांना मातीचे उंचच उंच बांध घातलेले. त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी मोर्चे खोदले होते, पुढे सुरुंग पेरले होते. अख्खा हिवाळा जर्मन आणि दोस्त राष्ट्रांची सैन्यं तिथे समोरासमोर बसून होती. ९ एप्रिल १९४५ च्या दुपारी आधी बॉम्बफेकी विमानं आली, मग तोफा सुरू झाल्या. तोफा मध्येच थांबत. हल्ला आला असं वाटून शत्रू मोर्च्यावर येई, की पुन्हा मारा. संध्याकाळी आठवी भारतीय डिव्हिजन नदीत उतरली. तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण होती.

त्या पलटणीतला नामदेव जाधव कंपनीचा निरोप्या होता. नगर जिल्ह्यातला, वय तेवीस. बांधावर चढाई करणारी त्याची तुकडी जवळजवळ संपली. त्यानं दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, बांधाच्या चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे नेलं. मग परत फिरला आणि मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तर ती टाकून हातबॉम्ब घेतले. शेवटी भर माऱ्यात बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पलीकडे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग मी कितीदा वाचला असेल, आजही त्या माथ्यापाशी आलो की घसा दाटतो.

आता तुझा प्रश्न. हिटलरच्या एसएस दलाचा जनरल वोल्फ ८ मार्चलाच स्वित्झर्लंडमध्ये अमेरिकनांना गुपचूप भेटला होता. म्हणजे आपली पोरं नदीत उतरली त्याआधी महिनाभर शरणागतीची बोलणी चालू होती! हे वाचलं तेव्हा मलाही तुझ्यासारखाच राग आला. पण नुसत्या बोलण्यांनी फौज हत्यार टाकत नव्हती. इटलीतला जर्मन सेनापती फिटिंगहोफनं पो नदीमागे हटायची परवानगी मागितली, हिटलरनं नाकारली. अर्जेंटाची खिंड, म्हणजे पाणथळीमधली अरुंद कोरडी वाट, फुटली, २१ एप्रिलला बोलोन्या पडलं, तेव्हा माघार घ्यायला फार उशीर झाला होता. पो वरचे पूल विमानांनी आधीच पाडले होते, त्यामुळे जर्मनांचे रणगाडे आणि तोफा दक्षिण काठावरच राहिल्या. लढायला हातात काही उरलं नाही, तेव्हा कुठे २९ एप्रिलला दक्षिण इटलीतल्या कासेर्टात शरणागतीवर सही झाली.

तारीख बघ. हिटलर अजून जिवंत होता. २ मेला इटलीतल्या तोफा थांबल्या आणि बर्लिनच्या फौजेनं शस्त्रं ठेवली तीही त्याच दिवशी. त्यामुळे इटली आपोआप संपली असती असं मला म्हणवत नाही. पण सेनिओच्या पाण्यात जे राहिले त्यांना उरलेले तेवीस दिवस मिळाले नाहीत, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

इटलीतल्या फोर्लीला भारतीय सैनिकांची युद्ध-दफनभूमी आहे. ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारकही तिथेच आहे. मला तिथे जायचंय, आणि एकट्यानं जायचं नाही. येत्या एप्रिलमध्ये येशील? नऊ तारखेला संध्याकाळी आपण दोघं सेनिओच्या बांधावर असू. काय ते लवकर कळव.

तुझाच,
जुना मित्र