अण्णांचा आवाज परत मिळवून देणाऱ्या दादांना

दादा,
सप्रेम नमस्कार.

२०१९ च्या पुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात पाणी शिरलं आणि खालच्या ट्रंकेतल्या अण्णांच्या भजनांच्या कॅसेटी गेल्या. फळीवरच्या अकरा तेवढ्या वाचल्या. त्यातल्या दोन मी एका दुकानात दिल्या होत्या. त्यांनी खरखर काढताना अण्णांचा गळाही काढून टाकला. तुम्हाला सांगताना मी रडले होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "लॅपटॉप घेऊन ये. मी करून देणार नाही, तूच करायचंस."

दिवसभर मांडवात साउंडचं काम करून तुम्ही रात्री नऊला यायचा. आवाज साफ करायचा तुमचा प्रोग्राम म्हणजे सॉक्स. त्याला बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायच्या; ती नुसती अक्षरं बघून मला धडकी भरायची. "सॉक्स १९९१ पासून आहे, म्हणजे तुझ्या कॅसेटींच्याच वयाचं," असं तुम्ही म्हणालात आणि भीती जरा कमी झाली.

पहिल्या अभंगाआधी टेप नुसती फिरते तो दीड सेकंद तुम्ही मला वीसेक वेळा ऐकवला. त्यात अण्णा नाहीत, टाळ नाही, फक्त टेपची खरखर. ट्रिमनं तेवढाच तुकडा घ्यायचा, नॉइजप्रोफनं त्या खरखरीची ओळख करून द्यायची आणि नॉइजरेडनं ती सगळ्या फाइलमधून उतरवायची. मी निवडलेल्या तुकड्यात टाळाची किणकिण आली होती, म्हणून सगळ्या अभंगातले टाळ बोदे झाले. तुम्ही रागावला नाहीत, पुन्हा ऐकायला लावलंत. खरखर किती जोरात काढायची त्याचा आकडा दिला नाही तर सॉक्स ०.५ धरतं. तेवढ्यानं अण्णा पाण्याखालून गायल्यासारखे वाटायचे. आपण ०.२ वर थांबलो. थोडी खरखर राहिली, पण श्वासही राहिला. दोन अभंगांच्या मधे अण्णा खाकरतात, ते मी कापायला निघाले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. त्याबद्दल तुमचे किती आभार मानू?

त्यांच्या अभंगांच्या वहीचे फोटो लहान करतानाही तुम्ही आधी फोल्डरची कॉपी करायला लावलीत, कारण इमेजमॅजिक या फोटोंच्या प्रोग्राममधली मॉग्रिफाय ही आज्ञा मूळ फोटोवरच लिहिते. मग वहीचं एक पान आणि एक अभंग एफएफएमपेग या प्रोग्रामनं जोडून व्हिडिओ केला. आज्ञेत शॉर्टेस्ट, म्हणजे आवाज संपला की थांब, असं लिहायला विसरले तर अभंग संपला तरी पान संपेना, फाइल वाढतच गेली! आता हात आपोआप लिहितो.

कागलच्या आत्यांना तो व्हिडिओ पाठवला. त्यांचा फोन आला, पण त्या काही बोलल्याच नाहीत. पलीकडून नुसता अभंग ऐकू येत होता.

दहा कॅसेटी लॅपटॉपवर उतरल्या. सगळ्यांच्या मूळ डब्ल्यूएव्ही फाइली, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, हात न लावता वेगळ्या ठेवल्यात. अकराव्या कॅसेटीची फीत तुटलीय, ती उघडायचं मला धाडस होत नाही. रविवारी येता का? आई म्हणते, जेवूनच जावा.

तुमची,
अण्णांची धाकटी