नऊ ते एक घरी कोण?

डॅलस, रविवार रात्र

प्रिय दादा, वहिनी,

आई-बाबांना नमस्कार. परवा फोनवर दादा म्हणालास, "छकुलीला पाचवीनंतर काढतो शाळेतून. तू पोराची शाळा घरीच करतेस ना, मग आम्हाला काय अवघड?" नाशिकच्या द्वारका चौकातल्या जॅममध्ये अडकणारी तिची व्हॅन डोळ्यांपुढे आली आणि मी नुसतीच हो-हो केलं. म्हणून आता सविस्तर लिहितेय.

इथे काढणं फारच सोपं. टेक्सासात घरची शाळा खासगी शाळाच धरतात. १९९४ साली टेक्सास राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तसा निकालच दिलाय. नोंदणी नाही, परीक्षा नाही. शाळेला एक ईमेल केली, संपलं. (इतकं सोपं असावं का, हा वेगळा प्रश्न.)

फायदा झाला, खोटं कशाला बोलू? अपूर्णांक म्हटलं की पोरगा रडायचा. एकदा लाडू करताना त्याच्याकडून एक तृतीयांश कप बेसन तीनदा ओतून घेतलं. मोठा कप काठोकाठ भरेना. "आई, गणित चुकलं की कप?" मग पाण्याने मोजलं, ते बरोब्बर भरलं. बेसन कधी दबतं, कधी भुसभुशीत राहतं, हे त्याचं त्यानेच शोधलं. अख्खी सकाळ गेली. शाळेच्या तासाला एवढी सवड कुठली?

पण त्या सकाळीसाठी मी नोकरी सोडलीय. आणि तो विचारतो, "आत्ता ओरडतेयस ती आई म्हणून की बाई म्हणून?"

आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी गुरुवारी येते. पोरगा मात्र डबा रोज साडेतीनला बाहेर ओढत न्यायचा. मला वाटलं, शिस्त लागली! साडेतीनला पिवळी बस मुलांना सोडते, हे फार उशिरा लक्षात आलं. आता दर बुधवारी लायब्ररीत अशाच आठ-दहा घरांतली मुलं जमतात. दोन मित्र झालेत.

छकुलीच्या दहावीची काळजी नको. चौदा पूर्ण झाली की एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयातून देता येते, नाहीतर बाहेरून बसायला बोर्डाचा सतरा नंबर फॉर्म आहेच. नाही जमलं, तर २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चौदापर्यंत वयाला योग्य त्या वर्गात पुन्हा घेतात.

पण नऊ ते एक तिच्याजवळ बसणार कोण? दादा, तू अंबडला शिफ्टमध्ये, वहिनी बँकेत. आई गोष्टी सांगेल, तिच्या गळ्यात सहावीचं विज्ञान घालू नकोस. म्हणजे नोकरी वहिनीने सोडायची, हे न बोलताच ठरलंय का? तुझी सेकंड शिफ्ट असते तेव्हा सकाळी तू मोकळाच असतोस. मे महिन्यात ते आठवडे तूच शिकवून बघ.

वहिनी, परवा फोनवर तू अवाक्षर काढलं नाहीस. मला वेगळं लिही, दादाला न दाखवता.

तुमची,
धाकटी