रामकुंडावरच्या मावशींना आणि त्या दोन मुलांना

श्रावणी सोमवारी नाशिकला रामकुंडावर स्नान करताना आईचा पाय शेवाळावरून सरकला. गोदावरीला ओढ होती. ती पायरीची कड धरून नुसती थरथरत होती. मी पोचायच्या आत दोन मुलांनी तिला वर काढलं. फुलं विकणाऱ्या मावशी टोपली तशीच टाकून धावल्या. गाठोड्यातलं स्वतःचं कोरडं लुगडं काढलं, ओलं पातळ आडोशाला धरून आईला ते नेसवलं, घोट्याला हळद-चुना लावला. वर दमही दिला, "माय, कपालेश्वर कुठं पळून जात नाही, आधी बसा!" (तिथं महादेवापुढे नंदी नसतो, हेही त्यांनीच आईला सांगत बसवलं.) पैसे घेतले नाहीत. मुलं तर नावही न सांगता गर्दीत गेली.

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मावशी, लुगडं धुऊन ठेवलंय. आई स्वतः आणून देणार म्हणते.